पाकिटाची मागची बाजू आधी दाखवणारं दुकान

दादर पश्चिमेला गोखले रोडवरून एका गल्लीत आत वळलं की डाव्या हाताला हे किराणा दुकान लागतं. दोन गाळे एकत्र केलेले, दर्शनी भागात काचेच्या झाकणाचे डबे, आत मांडण्यांच्या तीन रांगा आणि गल्ल्याशेजारी सुतळीला बांधून ठेवलेलं एक भिंग. त्या भिंगापायीच मी प्रभादेवीहून एवढं चालत जायला लागले. आता दीड वर्ष झालं, महिन्याचं सामान तिथूनच भरते.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. पुढे कौतुक आहे तशा दोन तक्रारीही आहेत. त्या मी शेठना समोर उभं राहून सांगितल्यात, त्या नावानिशी चारचौघांत मांडाव्यात असं मला वाटत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी काय बघते ते कळेल. दादरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी शिकवलं होतं की लेबल गळून पडलेली बाटली वास घेऊन ओळखायची नाही. ती सरळ बाजूला काढायची. पुढे वर्षानुवर्षं मी बाटल्यांवर कागद चिकटवले, नावं लिहिली, ओघळाने शाई पुसू नये म्हणून वरून मेणबत्ती फिरवली. निवृत्त झाले तरी ती सवय हाताला आहे. घरात यजमानांना रक्तदाब, त्यामुळे मीठ मोजून. आणि नात, वय वर्षं सात, तिला शेंगदाण्याची ऍलर्जी.

मराठी घरात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. कूट कशात नसतं? काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, लसणाच्या सुक्या चटणीत. पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे, उपासाला आमटीसुद्धा दाण्याची. आता आमच्याकडे कूटाच्या जागी भाजलेले तीळ, सुकं खोबरं नाहीतर डाळ्याचं पीठ असतं, आणि खिचडी ओल्या खोबऱ्याची. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेलही बंद, कारण घाण्याच्या तेलात दाण्यातली प्रथिनं उरू शकतात आणि त्रास त्यांचाच असतो. घरातलं सगळं आपल्या हातात असतं. भीती असते ती पाकिटातून येणाऱ्या पदार्थाची.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सभागृहात घरगुती पदार्थांचं प्रदर्शन होतं. एका टेबलावर नाचणीची बिस्किटं होती. पाकिटावरच्या कागदावर नाव, किंमत आणि खाली ठळक अक्षरांत ‘मैदा नाही, साखर नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. मी विचारलं, ‘यात दाणे आहेत का हो?’ त्या बाई म्हणाल्या, ‘छे, नुसती नाचणी, गूळ आणि तूप.’ घरी आल्यावर नातीने अर्धं बिस्किट खाल्लं. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, उलटी झाली आणि आवाज घोगरा व्हायला लागला. टॅक्सीत मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि पोर सावरली. डॉक्टरांनी एवढंच बजावलं की या वेळी निभावलं म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असं धरून चालू नका.

त्या पाकिटावर पत्ता नव्हता, फोनही नव्हता. प्रदर्शनवाल्यांकडून नंबर मिळवला तेव्हा कळलं की आदल्या दिवशी त्याच ट्रेमध्ये दाण्याची बिस्किटं भाजली होती आणि ट्रे फक्त पुसून घेतला होता. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ट्रे स्वच्छ होता. पण त्या कागदावर काय नाही याची अख्खी यादी होती आणि काय आहे याची एक ओळ नव्हती. तेव्हापासून कुठलंही पाकीट हातात आलं की मी ते आधी उलटं करते.

या दुकानात पहिल्यांदा गेले ती दिवाळीच्या आधी, भाजक्या पोह्यांचा चिवडा बघायला. नोकर पोऱ्या घाईत होता. मी विचारलं तर तो वर न बघताच म्हणाला, ‘नाहीयेत दाणे, घ्या काकू.’ गल्ल्यावरून शेठ म्हणाले, ‘नाही असं तू म्हणू नकोस. पाकीट दे त्यांच्या हातात, त्या वाचतील.’ आणि त्यांनी ते भिंग पुढे सरकवलं. चिवड्यात दाणे नव्हते. पण पाकिटाच्या खाली चौकटीत मराठीत लिहिलं होतं: ‘याच कढईत शेंगदाणे तळले जातात.’

मी तो चिवडा परत ठेवला. आणि त्या दिवसापासून त्या दुकानाची गिऱ्हाईक झाले.

शेठ कच्छी, पण जन्म दादरचा, मराठी आपल्यासारखंच. दुकान वडिलांपासूनचं. डाळी, पिठं, मसाले, भाजण्या, चटण्या हा सगळा माल ते स्वतः पॅक करतात आणि लेबल त्यांची सून संगणकावर तयार करते. मी एकदा विचारलं की मराठीत कसं काय. ते म्हणाले, ‘ताई, परवाना आहे म्हणजे लेबल लावावंच लागतं. मग कागद आणि शाई खर्च करायचीच आहे, तर गिऱ्हाईकाला वाचता येईल असं का नको?’

हे किती मोठं आहे ते सांगते. पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली की नियम पूर्ण होतो. वर आणखी मराठी लिहायला कुणाची ना नाही, पण सक्तीही नाही. त्यामुळे मुंबईत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पाकिटांची मागची बाजू इंग्रजीतच असते. आमच्याकडे दुपारी नातीला सांभाळायला मावशी येतात. सातवी शिकलेल्या, रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचतात. पण पाकिटामागचं इंग्रजी त्यांना लागत नाही. ‘पीनट’ आणि ‘ग्राउंडनट’ हे दोन शब्द मी त्यांना इंग्रजीत वहीत लिहून दिलेत आणि त्यांनी ते चित्र ओळखावं तसे पाठ केलेत. एवढी वाचणारी बाई, आणि पोरीच्या जिवाशी गाठ असलेला एकच शब्द तिला तिच्या भाषेत मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. या दुकानाच्या मालावर तो शब्द ‘शेंगदाणा’ असा लिहिलेला असतो.

आत्ता माझ्यासमोर त्यांचं उपासाच्या भाजणीचं पाकीट आहे. तळहाताएवढा पांढरा कागद. वर नाव. खाली ‘घटक: राजगिरा, साबुदाणा, वरी, जिरे.’ मग निव्वळ वजन ५०० ग्रॅम, सर्व करांसह किंमत, आणि त्याशेजारी किलोला किती पडतं तो भाव. पॅक केल्याची तारीख आणि ‘या तारखेपर्यंत वापरा’ अशी दुसरी तारीख. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. चौदा आकडी परवाना क्रमांक. दुकानाचा पत्ता आणि फोन. सगळ्यात खाली चौकट: ‘घटकांत शेंगदाणा नाही. दळण वेगळ्या चक्कीवर.’ हे शेवटचं वाक्य त्यांना कुणी मागितलेलं नाही. मी पडताळायला म्हणून चक्की बघायची इच्छा दाखवली, तर मागच्या खोलीत नेऊन दोन्ही चक्क्या दाखवल्या. एकीवर लाल रंगाचा पट्टा ओढलाय, दाण्यांचं आणि चटण्यांचं फक्त तिच्यावर.

मोठ्या कंपन्यांचा माल मात्र जसा येतो तसाच येतो, आणि तिथे भिंगच कामाला येतं. नियमाने शेंगदाणा वेगळा जाहीर करायच्या पदार्थांत मोडतो. ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट. घटकांच्या यादीनंतर ‘कंटेन्स’ असं लिहून ही नावं येतात. ‘मे कंटेन’ असेल तर पदार्थ त्यात घातलेला नाही पण त्याच कारखान्यात हाताळला जातो, लागलेला असू शकतो. आमच्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच, मांडणीवर परत. आणि नुसतं ‘नट्स’ लिहिलं असेल तर मी जास्त सावध होते, कारण शेंगदाणा हा खरं तर वाल-वाटाण्यांच्या कुळातला, काजू-बदामांच्या नव्हे. लिहिणाऱ्याने तो ‘नट्स’मध्ये धरलाय की नाही हे कळायला मार्ग नसतो.

एक गोष्ट मला उशिरा कळली, म्हणून मुद्दाम सांगते. एकदा वाचलं म्हणजे झालं असं नाही. आम्ही वर्षभर एकच टोस्ट आणत होतो, पाकीट तेच, रंग तोच. गेल्या पावसाळ्यात सहज उलटं केलं तर शेवटी ‘मे कंटेन पीनट’ ही ओळ नव्याने आलेली. कंपनीने कारखाना बदलला असेल, आणखी काही असेल, त्यांनी ते लिहिलं हे योग्यच केलं. पण पुढच्या बाजूवर त्याची काहीच खूण नव्हती. आता दर महिन्याला, दर पाकीट, नव्याने वाचायचं. माझी सून फोनवरून सामान मागवते, दहा मिनिटांत दारात येतं, तिच्या नोकरीच्या वेळा बघता मी तिला नाव ठेवत नाही. पण तिथे मागच्या बाजूचा फोटो असलाच तर मोठा करताना अक्षरं फुटतात, आणि तो फोटो आत्ताच्या पाकिटाचा की गेल्या वर्षीच्या, ते कसं कळणार? नातीच्या खाण्याचं काहीही फोनवरून मागवायचं नाही, एवढं आम्ही दोघींनी ठरवलंय.

दुकानात मला सगळ्यात आवडतं ते बिस्किटांच्या रांगेसमोरचं स्टूल. तिथे बसून वाचलं तरी कुणी ‘काय पाहिजे, काय पाहिजे’ करत मागे लागत नाही. परवा एक ‘मल्टिग्रेन’ पाकीट घेतलं. पुढे सोनेरी कणसं, ओट्स, नाचणीची बोंडं, हिरवागार रंग. मागे भिंगाखाली पहिला शब्द मैदा. मग साखर, मग पाम तेल, त्यानंतर कणीक, ओट्स ५ टक्के, नाचणी दीड टक्का. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जे सर्वांत जास्त ते पहिलं. म्हणजे पुढच्या चित्रात जी नाचणी मुठीएवढी दिसते, ती शंभर ग्रॅम बिस्किटांत दीड ग्रॅम. वर साखरेनंतर पुन्हा खाली इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज. तीही साखरच. तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं.

घटकांच्या यादीत मधेमधे येणाऱ्या आकड्यांना मात्र लोक उगाच घाबरतात. आयएनएस म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या द्रव्यांचे ठरलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. आयएनएस ५०० म्हणजे आपला खायचा सोडा आणि त्याचे भाऊबंद. ३३० म्हणजे सायट्रिक ऍसिड, लिंबातलंच. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक सोयाबीनपासूनचं, ते सोयाची ऍलर्जी असणाऱ्यांनी बघावं. ६२१ म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, सॉस आणि सरबतांत टिकण्यासाठी घालतात. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर मला नावाची भीती वाटत नाही. नाव लिहिलेलं नसेल तर वाटते.

त्याखालचा पोषणाचा तक्ता मात्र सावकाश वाचायला हवा. एक रकाना १०० ग्रॅमचा असतो, आणि एका वेळच्या खाण्यात रोजच्या गरजेचा किती टक्के वाटा येतो ते वेगळं लिहिलेलं असतं. कुठलीही दोन पाकिटं ताडून बघायची तर १०० ग्रॅमच्याच रकान्यावरून, कारण एका वेळचं खाणं कंपनी ठरवते. या बिस्किटांत ते दोन बिस्किटांचं धरलं होतं. आमच्या घरात दोन बिस्किटांवर थांबणारं कुणी नाही. आणि ते टक्के मोठ्या माणसाच्या हिशोबाचे असतात: दिवसाला २००० किलोकॅलरी, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, एकूण चरबी ६७ ग्रॅम, त्यात संपृक्त २२, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. सात वर्षांच्या पोरीला तो हिशोब लागू नाही. मुलांच्या खाण्यावर मोठ्यांचे टक्के छापून ‘फक्त ८ टक्के’ म्हणणं मला पटत नाही. साखरेचं मी सोपं करून घेतलंय, चार ग्रॅमला एक चहाचा चमचा. १०० ग्रॅमला २४ ग्रॅम साखर वाचलं की डोळ्यासमोर सहा चमचे आणायचे.

यजमानांसाठी मी सोडियम बघते. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. त्यांना उडदाचा पापड जेवणात लागतोच. एका पाकिटावर १०० ग्रॅमला १८०० मिलिग्रॅम सोडियम होतं. मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पापड ठेवला, बारा ग्रॅम भरला. दोन पापड म्हणजे जवळपास ४३० मिलिग्रॅम सोडियम, एक ग्रॅमच्या वर मीठ, आणि दिवसभराचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं. कागदावर लिहून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पापड एकच मागतात. पापडात मीठ तर असतंच, शिवाय पापडखार, म्हणजे तेही सोडियमच. चवीला ते खारट लागत नाही, म्हणून लक्षातच येत नाही.

दुकानाने आपणहून केलेली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधाच्या, धान्याच्या आणि माल्टच्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीत घालू नका. सूचना ऑनलाइनवाल्यांना होती. पण शेठनी आपल्या मांडणीवरची ‘हेल्थ ड्रिंक’ ही पट्टी उतरवून तिथे ‘दुधात घालायच्या पावडरी’ अशी लावली. त्याच वर्षी जूनमध्ये, आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी जुन्या वेष्टनाचा माल मागे ठेवून दिला आणि विचारणाऱ्याला कारण सांगितलं. फ्रीजरमध्येही आइस्क्रीम एका बाजूला आणि फ्रोझन डेझर्ट दुसऱ्या बाजूला. एकात दुधाची स्निग्धता, दुसऱ्यात वनस्पती तेलाची, आणि डबे इतके सारखे की लहान मुलांच्या घाईत कुणी वाचत नाही.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर ठळक खूण असावी यावर बरीच चर्चा चालू असते. सप्टेंबर २०२२ मध्ये, पदार्थ पोषणाला किती चांगला ते पुढच्या बाजूवर तारे छापून दाखवावं, असा नियमाचा मसुदा आला होता. मला तारे नकोत. ताऱ्यात चांगल्या-वाईटाची बेरीज-वजाबाकी होते, तंतू आणि प्रथिनं थोडी वाढवली की साखर झाकली जाते. चिली देशात २०१६ पासून काळ्या अष्टकोनात ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’ असं सरळ छापतात. आपल्याकडेही तसंच, आणि मुंबईत मराठीत, हवं. मावशींना तारे मोजायला लावण्यापेक्षा दोन शब्द वाचू द्यावेत.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. तेलाच्या मांडणीवर तिळाच्या खायच्या तेलाशेजारी दिव्याचं तेल ठेवलेलं होतं. बाटली तशीच, रंग तसाच, किंमत निम्मी. खाण्यासाठी नसलेल्या अशा मालावर चौकोनात काळी फुली छापलेली असते. पण ही खूण ओळखणारी माणसं किती? हिरवा ठिपका सगळ्यांना माहीत, फुली क्वचितच कुणाला. मी उभी असताना एका आजोबांनी स्वस्त म्हणून तीच बाटली पिशवीत टाकली. मी त्यांना थांबवलं. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, ‘ताई, बाटलीवर लिहिलंय की.’ मी म्हटलं, ‘शेठ, लेबलावर लिहिलं म्हणजे तुमचं काम संपलं, असं तुम्हीच मानत नाही. मग इथे का मानता?’ त्यांना ते लागलं असावं, थोडा वेळ बोलले नाहीत.

दुसरी तक्रार स्टिकरची. बाहेरून आलेल्या पाकिटांवर किंमत आणि बारकोड असलेलं दुकानाचं स्टिकर लावतात, आणि ते बरोबर घटकांच्या यादीवर बसतं. का, तर तिथे जागा सपाट असते. नखाने सोलायला गेलं की खालची शाई निघते. भिंग ठेवणाऱ्या दुकानात हे असावं याचं मला खरोखर दुःख झालं. तारखांचंही एक सांगते, यात दुकानाची चूक नाही, पण त्रास रोजचा: ठिपक्याठिपक्यांनी छापलेली तारीख पाकिटाच्या दुमडीवर येते आणि बोटाने पुसली जाते. मी पुसट तारखेचं पाकीट घेत नाही, दुसरं मागते. ते देतात, कुरकुर न करता.

भाव मोठ्या दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत. भाजणी अर्धा किलो १४० रुपये, बाहेर वीस रुपयांनी कमी मिळते. मी ते वीस रुपये चक्कीवरच्या लाल पट्ट्याचे धरते. सवलतीचे बोर्ड नाहीत, दोनावर एक फुकट नाही. घरपोच देतात, पण संध्याकाळी सातनंतर आणि फक्त माहीम ते प्रभादेवी. बदलून देण्याच्या बाबतीत चोख. एकदा रव्यात सोनकिडे निघाले, फोटोही मागितला नाही.

हे दुकान बघून मला आमची चाळ आठवते. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं महिन्याचं वाटप आमच्या मजल्यावर यायचं. आधी यादी द्यायची, मग ठरलेल्या दिवशी सामान उतरायचं आणि शेजारणी एकत्र बसून ते वाटून घ्यायच्या. आई तूरडाळ मुठीत घेऊन उजेडात धरायची, शेजारच्या काकी हळद चिमटीत चोळून बघायच्या. पाकिटं नव्हती, लेबलं नव्हती, पण कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघतंय एवढा भरवसा होता. आता माल बंद पाकिटात येतो, मुठीत धरून बघता येत नाही. त्या मुठीच्या जागी तो मागचा कागदच आहे, म्हणून त्याची मी एवढी काळजी करते.

नात हल्ली बरोबर येते. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मराठी मी घरी शिकवते. मागच्या महिन्यात तिने स्टुलावर बसून लसणाच्या चटणीचं पाकीट घेतलं, भिंग डोळ्याला लावलं आणि अक्षर अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं, ‘शें-ग-दा-णा आ-हे.’ मग पाकीट स्वतःच मांडणीवर ठेवून आली. शेठनी गल्ल्यावरून पाहिलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं, त्या चौकटीतली अक्षरं अजून मोठी कर.

गेल्या गुरुवारी गेले तेव्हा दिव्याचं तेल उदबत्त्या-कापराच्या मांडणीवर गेलेलं होतं, आणि वर कागद लावला होता: ‘फक्त दिव्यासाठी, खाण्यासाठी नाही.’ स्टिकर अजून यादीवरच आहे. मी तीन पाकिटं उचलून गल्ल्यावर नेली आणि कुठे लावता येईल ती जागा पेन्सिलीने खूण करून दाखवली. पुढच्या मालापासून बदलतो म्हणालेत. ज्यांना जायचंय त्यांनी दुपारी तीनच्या सुमाराला जावं, तेव्हा गर्दी नसते आणि स्टूल मोकळं असतं. सोमवारी बंद.